विस्कॉन्सिनचे नऊ नारिंगी दिवस

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात येतो. त्याच्या आधीच्या शनिवारी, उजाडण्याच्या सुमारास, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो आणि पुढच्या रविवारी मावळतीला मिटतो. एवढ्या नऊ दिवसांसाठी साडेपाच लाखांच्या आसपास माणसं परवाना काढतात. राज्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आतबाहेर, म्हणजे दर दहा-अकरा जणांमागे एक शिकारी. गवंडी, शिक्षिका, दूधवाले, वकील, सगळे रानात. त्या आठवड्यात घराचं रंगकाम किंवा लग्न कोणी काढत नाही.

माझा भाचा मॅडिसनजवळ एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या मित्राच्या वडिलांची रिचलंड काउंटीत शेती आहे आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडे येण्याचं आमंत्रण आम्हाला आलं. भाचा म्हणाला, “मावशी, थंडी सोसणार असेल तरच हो म्हण. तिथे बसायचं असतं, हलायचं नसतं.” मी हो म्हटलं, कारण जंगल राखणाऱ्या या राज्यात एवढी मोठी शिकार दर वर्षी कशी चालते आणि हरणं संपत कशी नाहीत, हे मला प्रत्यक्ष पाहायचं होतं.

मॅडिसनहून चौदा नंबरचा रस्ता पश्चिमेला निघतो. मॅझोमॅनी, मग विस्कॉन्सिन नदी, स्प्रिंग ग्रीन, लोन रॉक आणि रिचलंड सेंटर. सव्वा-दीड तासाचा प्रवास, पण वाटेत देश बदलतो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी उत्तर अमेरिकेचा हा पट्टा पुन्हा पुन्हा रगडून सपाट केला, मात्र नैर्ऋत्य विस्कॉन्सिन आणि त्याला लागून असलेला मिनेसोटा, आयोवा, इलिनॉय यांचा थोडा थोडा भाग त्या रगड्यातून सुटला. म्हणून इथे अजून अरुंद दऱ्या आहेत, चुनखडीचे कडे आहेत, नागमोडी ओढे आहेत. डोंगरमाथ्यावर मका आणि सोयाबीन, उतारावर ओकची झाडी, तळाशी गवत आणि गाईगुरं. पट्ट्यापट्ट्यांची शेती समतल रेषेवर वळत जाते. 1933 साली याच भागात, जवळच्या कून व्हॅलीत, जमिनीची धूप थांबवण्याचा देशातला पहिला मोठा पाणलोट प्रकल्प सुरू झाला.

हरणाला या मुलखात काही कमी नाही. घनदाट जंगलात त्याला खायला फार मिळत नाही आणि उघड्या माळावर लपायला जागा नसते. त्याला हवा असतो काठ: इकडे झाडी, तिकडे पीक. इथे प्रत्येक शेताला असा काठ आहे. संध्याकाळी ते झाडीतून मक्याच्या धसकटांत उतरतं, रात्रभर सांडलेले दाणे खातं आणि उजाडायच्या आत ओकखाली परततं. थंडी वाढली की फांद्यांचे शेंडे आणि कळ्या ओरबाडतं. मे-जूनमध्ये मादीला बहुधा जुळी पाडसं होतात. दोन-तीन सौम्य हिवाळे लागोपाठ आले की कळप फुगायला वेळ लागत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रिचलंड सेंटरच्या पेट्रोल पंपावर रांग होती आणि त्या रांगेत माणसं कमी, नारिंगी रंग जास्त दिसत होता. हा रंग हौसेचा नाही. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्म्याहून कमी भाग नारिंगी असेल तर दंड होतो. टोपीलाही तोच नियम. 1945 पासून लाल रंग सक्तीचा होता. संधिप्रकाशात लाल काळपट दिसतो, म्हणून 1980 मध्ये हा भडक नारिंगी आला आणि 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. हरणाच्या डोळ्यांना लाल-नारिंगी छटा नीट कळत नाहीत, निळ्या मात्र चांगल्या कळतात. त्यामुळे माणसाला मैलावरून दिसणारा शिकारी हरणाला, तो हलला नाही तर, झाडाच्या खोडासारखाच वाटतो. वास मात्र लपत नाही. यजमानांच्या घरी सगळे कोट दोन दिवसांपासून ओसरीत थंडीत टांगलेले होते, आणि स्वयंपाकघरात मिरचीच्या रश्श्यातलं मांस शिजत असताना कोणी शिकारीचे कपडे घालून आत पाऊल टाकलं की घरच्या आजी त्याला बाहेर काढत.

त्या रात्री चार बोटं बर्फ पडला. यजमानांना आनंद झाला. बर्फावर माग स्पष्ट उमटतो, खाली वाकलेली गवतं हरणाला लपवत नाहीत आणि जखमी जनावर हरवत नाही. शेवटचं कारण त्यांनी दोनदा सांगितलं.

पहाटे चार वाजता घर जागं झालं. मी बसणार होते घरच्या आजोबांबरोबर आणि त्यांच्या तेरा वर्षांच्या नातीबरोबर. या वयाच्या मुलांना मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय शिकारीला जाता येत नाही आणि 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय स्वतःच्या जबाबदारीवर परवाना मिळत नाही. नातीने तो उन्हाळ्यात केला होता. पायवाटेने जाताना आजोबांनी तिला चार नियम म्हणायला लावले: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजायचं, नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवायची, निशाण आणि त्याच्यामागे काय आहे ते नक्की ओळखायचं, आणि बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापाजवळ न्यायचं नाही. हा अभ्यासक्रम 1967 मध्ये सुरू झाला. त्याच्या आधीच्या काळात दर हंगामात माणसं मरत, ही आठवण म्हाताऱ्यांच्या पिढीत अजून ताजी आहे.

आमचं मचाण म्हणजे चार लाकडी पायांवर उभं केलेलं, तिन्ही बाजूंना खिडकीच्या फटी असलेलं खोपटं. आत तीन खुर्च्या आणि एक छोटी गॅसची शेगडी, ती फार थंडी वाजली तरच पेटवायची. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते. तिथे त्या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो. साडेसहाला दूरवर पहिला बार ऐकू आला, मग दुसऱ्या डोंगरापलीकडून दुसरा, आणि काही वेळ सगळा मुलूख ठिणग्या पडाव्यात तसा तडतडत राहिला. मग शांतता. चिमुकले चिकडी पक्षी फांद्यांवर आले, खारींनी ओकखालचा बर्फ उकरला. पायाची बोटं बधिर झाली. आजोबांनी थर्मासमधली कॉफी न बोलता पुढे केली.

हंगाम याच वेळी का, हे मला त्यांनी आदल्या रात्री समजावलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माजावर येतात. ते तेव्हा सावधपणा विसरून माद्यांमागे धावतात, लहान झाडांची साल शिंगांनी घासून सोलतात, जमीन उकरून आपला वास सोडतात. त्याच दिवसांत रस्त्यांवर गाड्यांच्या धडकाही सर्वांत जास्त होतात. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरपासून चालू असतो, पण बंदुकीचा हंगाम मुद्दाम माजाचा ऐन भर ओसरताना ठेवला आहे. गाभण राहिलेल्या माद्या सुमारे दोनशे दिवसांनी वितात. नरांची शिंगं हिवाळा सरता सरता गळून पडतात आणि वसंतात नवी फुटतात, आपल्या चितळ-सांबरांसारखीच. काळविटाची तशी गळत नाहीत.

पावणेआठला झाडीच्या कडेला एक मादी आणि तिची दोन मोठी झालेली पाडसं उभी राहिली. हिवाळ्यात यांचा रंग राखाडी-तपकिरी होतो आणि बर्फाच्या पार्श्वभूमीवर उभं जनावर आधी दिसतच नाही. मग कान हलतो आणि सगळं शरीर उमटतं. नातीकडे मादीचा परवाना होता. तिने बंदूक टेकवली, दुर्बिणीतून पाहिलं आणि मान हलवली. मादीच्या मागे डोंगराचा उतार नव्हता, आकाश होतं, आणि त्या उंचवट्यापलीकडे शेजाऱ्याचा गोठा होता. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हरणांनी आमच्याकडे पाहिलं, शेपट्या निशाणासारख्या वर उभारल्या, खालचा पांढरा रंग चमकला आणि ती उतारावरून नाहीशी झाली. त्या मुलीने त्या क्षणी जे केलं त्याचा आदर मला कुठल्याही नेमबाजीपेक्षा जास्त वाटतो.

दुपारच्या सुमारास तिला दुसरी मादी मिळाली, ओढ्याच्या खोलगट भागात, मागे मातीची दरड. बार झाला, हरीण उडालं आणि झाडीत गेलं. आम्ही लगेच धावलो नाही. आजोबांनी घड्याळ पाहिलं आणि अर्धा तास थांबायला लावलं, कारण पाठलाग झाला तर जखमी जनावर आणखी दूर पळतं आणि त्याचे हाल होतात. मग बर्फावर लाल ठिपके शोधत आम्ही गेलो. ती शंभर पावलांच्या आत पडलेली होती. नात तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिली. कोणी तिला घाई केली नाही.

पोट साफ करण्याचं काम रानातच होतं. आजोबांनी ते नातीकडून करवून घेतलं: उथळ चीर, आतडी बाहेर, मूत्राशय न फुटता काढणं, मग हृदय आणि काळीज वेगळं ठेवणं. मी विचारल्यावर त्यांनी पोटाचा मोठा कप्पा चिरून दाखवला. आत पिवळे मक्याचे दाणे आणि ओकच्या बोंडांचे चुरलेले तुकडे होते. “माझाच मका,” ते एवढंच म्हणाले. आतडी तिथेच सोडतात. संध्याकाळपर्यंत कावळे आणि टकला गरुड येतात. गरुडांसाठी यजमान आता शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या वापरतात. शिशाची गोळी हाडावर आपटून बारीक तुकड्यांत फुटते, ते तुकडे मांसात राहतात आणि ते खाणारे गरुड विषबाधेने मरतात. तांब्याच्या गोळ्यांची सक्ती नाही, महाग पडतात, तरी अधिकाधिक शेतकरी त्या घेत आहेत आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

मग नोंद. मारलेलं प्रत्येक हरीण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याकडे नोंदवावं लागतं. सगळे त्या खात्याला डीएनआर म्हणतात. 2015 पर्यंत जनावर गाडीत घालून गावातल्या ठरलेल्या गुत्त्यावर किंवा पंपावर न्यावं लागे, तिथे गर्दी जमे, शिंगांची टोकं मोजली जात. आता नोंद फोनवर होते. सोय झाली, पण गावाचा एक मेळावा गेला, अशी हळहळ मला अनेकांकडून ऐकायला मिळाली. हल्ली या नऊ दिवसांत पावणेदोन लाखांच्या आसपास हरणं मारली जातात, आणि तरी राज्यात पंधरा लाखांहून जास्त हरणं उरतात.

हे नेहमी असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात हरणाचं मांस रेल्वेने शिकागो-मिलवॉकीच्या बाजारात जाई. पैशासाठी वर्षभर शिकार चाले, जंगलं तोडली जात होती आणि शतक संपता संपता संपूर्ण अमेरिकेत ही हरणं काही लाखांवर आली. दक्षिण विस्कॉन्सिनच्या शेतमुलखात ती जवळजवळ दिसेनाशी झाली. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला नेणं गुन्हा ठरवलं, आणि पुढे राज्याराज्यांनी रानातल्या हरणाच्या मांसाची विक्रीच बंद केली. आजही ते खाता येतं, भेट देता येतं, दान करता येतं, विकता येत नाही. मग 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला: लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर अकरा टक्के कर, आणि तो पैसा राज्यांकडे वन्यजीवांसाठी. आज देशात ही हरणं तीन कोटींच्या आसपास आहेत. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा कणा विक्रीबंदी हाच आहे. हरणाला बाजारभाव राहिला नाही म्हणून शिकारी त्याचा व्यापारी न होता राखणदार होऊ शकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाराबूजवळ वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांची झोपडी पाहायला गेलो. 1935 साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी उजाड झालेली एक शेती घेतली, कुटुंबासह हजारो पाइन लावले, आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं घर केलं. 1933 पासून ते विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकारीच्या प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. ते स्वतः शिकारी होते. तरुणपणी नैर्ऋत्य अमेरिकेत त्यांनी लांडगे मारले होते आणि नंतर त्यांनाच उमगलं की लांडगे संपले की हरणं डोंगर खाऊन टाकतात. 1940 च्या दशकात उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलात हरणं उपाशी मरू लागली तेव्हा त्यांनी माद्याही मारायला हव्यात असं उघड सांगितलं. 1943 मध्ये तसा हंगाम झाला, एक लाखाहून अधिक हरणं मारली गेली आणि लोक इतके चिडले की पुढची अनेक वर्षं त्यांच्यावर टीका होत राहिली. 1948 मध्ये शेजारच्या गवताला लागलेली आग विझवताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ पुढच्या वर्षी छापलं गेलं. त्या छोट्या झोपडीसमोर उभं राहिल्यावर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते: लोकांना न आवडणारी, पण जमीन वाचवणारी गोष्ट बोलायला किती धैर्य लागतं.

तो वाद आज वेगळ्या रूपात चालू आहे. फेब्रुवारी 2002 मध्ये मॅडिसनच्या नैर्ऋत्येला माउंट होरेबजवळ मारलेल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. हा मेंदूचा रोग विकृत प्रथिनांमुळे होतो. हरीण महिनोन् महिने धडधाकट दिसतं, मग झिजत जातं आणि मरतंच. लस नाही, औषध नाही, आणि ती प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. राज्याने सुरुवातीला रोगाच्या पट्ट्यातली हरणं मोठ्या संख्येने मारून रोग निपटायचा प्रयत्न केला. जमीनमालक विरोधात गेले आणि तो प्रयत्न मागे पडला. आता डेन, आयोवा, सॉक, रिचलंड या काउंट्यांच्या काही भागांत प्रौढ नरांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित निघतात. माणसाला हा रोग झाल्याचं एकही उदाहरण सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. म्हणून आजोबांनी नातीच्या हरणाचं डोकं पिशवीत घालून, चिठ्ठी भरून, तपासणीसाठी रस्त्याच्या कडेच्या पेटीत ठेवलं आणि मांस शीतपेटीत वेगळं ठेवून दिलं. निकाल येईपर्यंत एक तुकडाही शिजणार नव्हता.

शेतकऱ्याची बाजू मला आपल्याकडच्या दृष्टीने जास्त जवळची वाटली. 1983 पासून विस्कॉन्सिनमध्ये हरणांनी केलेल्या पीक-नुकसानीची भरपाई मिळते, आणि तो पैसा शिकारीच्या परवान्यावरच्या अधिभारातून येतो. एक अट अशी: भरपाई घेणाऱ्याने आपलं शेत शिकाऱ्यांना खुलं ठेवायचं. विदर्भात सोयाबीन-तुरीच्या रानात रानडुकरं आणि रोही राखत माळ्यावर रात्री काढणारा शेतकरी पंचनाम्याच्या कागदांमागे धावतो, ते मला तिथे सारखं आठवत होतं. आपला 1972 चा वन्यजीव कायदा योग्य आहे. आपल्या वाघ-बिबट्यांना ते चितळ आणि डुक्कर हवेत, आणि शिकार खुली करावी असं मी म्हणणार नाही. पण रानातलं जनावर साऱ्या समाजाचं असेल तर त्याने खाल्लेल्या पिकाचा भारही समाजाने वेळेवर उचलायला हवा. विस्कॉन्सिनने त्यासाठी पैशाचा कायमचा झरा बांधला, आपण अजून नाही.

उत्तरेला हा हंगाम आणखी जुन्या हक्कांना भिडतो. 1837 आणि 1842 च्या करारांत ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी जमीन दिली पण तिच्यावरचा शिकारीचा हक्क राखला. न्यायालयाने तो 1983 मध्ये पुन्हा मान्य केला, त्यानंतर बराच कडवट विरोध झाला, आणि आज त्यांचे स्वतःचे नियम, स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आणि स्वतःचे वनरक्षक आहेत.

रविवारी दुपारी शेजारच्या दोन घरांनी मिळून हाका घातला. सात-आठ हाकारे रांगेने झाडीतून चालत गेले, टोकाला तिघे बंदूकधारी. हरणं हाकाऱ्यांच्या मधूनच उलटी पळाली. एकही बार झाला नाही आणि सगळे घामाघूम होऊन, आनंदात, समर सॉसेज आणि चीज खायला घरी आले.

नोव्हेंबरच्या अखेरीस तुम्ही त्या भागात जाणार असाल तर काही गोष्टी जरूर पाळा. रानातल्या वाटेवर, कुत्रा फिरवायला गेलात तरी, नारिंगी टोपी आणि जाकीट घाला. कुणाच्याही शेतात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. तिन्हीसांजेला आणि पहाटे गाडी हळू चालवा; एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तर मागून दुसरं येतंय असं समजा. आणि कोणी हरणाचं मांस वाढलं, तर तपासणीचा निकाल आला का, हे न संकोचता विचारा. तिथल्या शेतकऱ्याला त्या प्रश्नाचा राग येत नाही. तो कागद काढून दाखवतो.